वाजिब-उल-अर्ज : जे सांगितलेच पाहिजे

उर्दू शाळेत इमला शिकवताना एक अडचण नेहमी येते. 'अर्ज' हा शब्द ऐनने लिहिला तर त्याचा अर्थ निवेदन, आणि अलिफने लिहिला तर जमीन. आपल्याकडे दोन्हींचा उच्चार सारखाच होतो, त्यामुळे मुले हमखास चुकतात. आमच्या सिंदेवाही भागातील जुन्या महसुली कागदांत 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा एक कागद असतो. मी वर्गात त्याचा अर्थ विचारला तेव्हा एका मुलाने सांगितले, "हक्काची जमीन." खरा अर्थ आहे 'जे सांगणे आवश्यक आहे ते.' मुलाची चूक मी दुरुस्त केली. पण जमिनीच्या कागदांचा इतिहास वाचताना वाटत गेले, की हे दोन शब्द एकमेकांपासून फार लांब नाहीत. ज्याने सांगितले त्याचे नाव कागदावर लागले. ज्याच्या वतीने कुणी बोललेच नाही, त्याचे राहून गेले.

आमचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. चांद्याच्या गोंड राजांविषयी अशी परंपरा सांगतात, की जंगल तोडून गाव वसवील त्याला गावाची पाटीलकी आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन मिळे. गावांच्या नावांमागे येणारे 'चक', 'तुकुम', 'रीठ' हे शब्द त्या जुन्या जमीनव्यवस्थेची आठवण देतात. रीठ म्हणजे उजाड झालेले गाव. त्या काळी शेतकऱ्याजवळ कागद क्वचितच असे. बांधलेली पाळ आणि शेजाऱ्याची साक्ष हाच त्याचा पुरावा.

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजांचा अंमल आला. १८६० च्या दशकात चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त मेजर ल्युसी स्मिथ यांनी केला. भोसल्यांच्या काळात जो पाटील गावाचा सारा वसूल करून भरत होता, त्यालाच नव्या सरकारने गावाचा मालक ठरवले. तो मालगुजार झाला. वसूल करणारा मालक झाला आणि कसणारा त्याची रयत झाला. आपल्या भागातील मालकीहक्काचा सगळा गुंता या एका निर्णयापासून सुरू होतो.

त्या बंदोबस्ताचे शब्द उर्दू जाणणाऱ्याला सहज उलगडतात. मालगुजाराच्या घरच्या शेतीला 'सीर' आणि 'खुदकाश्त' म्हणत. खुदकाश्त म्हणजे स्वतः कसलेली. 'मालिक-मकबुजा' म्हणजे आपल्या कब्जातील तुकड्याचा स्वतंत्र मालक. मकबुजा आणि कब्जा हे एकाच धातूचे शब्द. 'मौरूसी' रयत म्हणजे पिढीजात कसणारी, जिला मालगुजार सहज काढू शकत नसे. मौरूसी, वारस आणि विरासत हेही एकाच धातूचे. खसरा, जमाबंदी, मौजा, तहसील हे शब्द आजही तलाठ्याच्या दप्तरात आहेत. आपल्या घरात ही भाषा बोलली जाते, आणि तरीही आपल्याच घरात ते कागद वाचले जात नाहीत.

याच बंदोबस्तात गावागावाचा वाजिब-उल-अर्ज तयार झाला. गावच्या चालीरीती त्यात लिहिल्या जात : तलावाचे पाणी कुणाच्या बांधातून कुणाला मिळेल, बैलगाडीची वाट कुठून जाईल, गुरे कुठे चरतील, जळणाचे लाकूड कुठून आणायचे. गावकऱ्यांच्या अशा सामाईक गरजांना 'निस्तार' म्हणतात. हा शब्द संस्कृतातला आहे. वाजिब-उल-अर्ज अरबी, निस्तार संस्कृत, आणि दोन्ही एकाच गावच्या दप्तरात शेजारी शेजारी नांदतात. आमच्या गावांचा स्वभाव यात दिसतो.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. जुन्या मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने गावठाण, पडीत, जंगल आणि बहुतेक तलाव सरकारकडे गेले. घरच्या शेतीची जमीन मालगुजाराकडे राहिली. हे तलाव आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, याचा नात्याशी काही संबंध नाही. पुढे १९५४ च्या जमीन महसूल संहितेने 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' असे दोन वर्ग केले. महाराष्ट्राची १९६६ ची संहिता आल्यावर 'भोगवटादार वर्ग १' आणि 'वर्ग २' हे शब्द रूढ झाले. वर्ग १ ची जमीन साधारणपणे मोकळेपणाने विकता येते. वर्ग २ च्या जमिनीवर हस्तांतराचे बंधन असते आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला याशिवाय कलम ३६ आणि ३६-अ चे संरक्षण आहे. आपल्या जिल्ह्यांत जमीन घेताना हे आधी पाहावे. नाहीतर पैसेही जातात आणि एका गरिबावर अन्यायही होतो.

१९६६ च्या संहितेत विदर्भासाठी एक वेगळे प्रकरण आहे. कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आजही कायम आहेत. म्हणजे हा कागद मेलेला नाही. फक्त तो मागायला कुणी जात नाही.

कागदावरच्या एका शब्दाचे वजन किती असते, हे 'झुडपी जंगल' या नोंदीने दाखवून दिले. झुडपे वाढलेली, गुरे चारायची जमीन म्हणून पूर्व विदर्भात ही नोंद झाली. तिच्यावर पुढे घरे, शाळा, दफनभूमी उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानली जाईल असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी मात्र केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाट ठेवली. आता ज्याच्याजवळ त्या तारखेपूर्वीचा वाटपाचा कागद आहे तो बोलू शकतो. ज्याच्याजवळ नाही, त्याची काळजी वाढली आहे.

दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्दच घेतला. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्यात आदिवासींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, आणि त्यांत मुसलमानही येऊ शकतात. अट अशी, की १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथले वास्तव्य आणि जंगलावर उपजीविका दाखवावी लागते. पुराव्यांत बंदोबस्ताचे कागद चालतात, आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी निवेदनही चालते. म्हाताऱ्यांचे सांगणे कायद्याने पुन्हा कागदावर आणले.

आता सातबाऱ्याविषयी. आपल्या समाजात सातबारा म्हणजे मालकी अशी समजूत पक्की आहे. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने, वाटणीने, वारशाने किंवा हिब्याने. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घराच्या कराची आकारणी आहे, तो मालकीचा दाखला नव्हे. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबाही वैध आहे. मात्र देणाऱ्याने जाहीर केले पाहिजे, घेणाऱ्याने स्वीकारले पाहिजे आणि ताबा प्रत्यक्ष दिला पाहिजे. आणि वारसा असो की हिबा, कलम १४९ म्हणते, तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. म्हणजे पुन्हा तेच : सांगा.

हे सगळे मी परक्याच्या अधिकाराने लिहीत नाही. आमची साडेतीन एकर धानाची जमीन आहे. दादा वारले तेव्हा घरातून तीन मुलांची नावे सांगितली गेली. फुफीचे नाव कुणी सांगितले नाही. सांगितले नाही म्हणून लिहिले गेले नाही. गेली अनेक वर्षे हंगाम झाला की तिच्याकडे तांदळाचे एक पोते जाते. आम्ही त्याला मायेने 'फुफीका हिस्सा' म्हणतो.

शेतजमिनीला शरियत लागू नाही, असे काही जण सांगतात. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली होती, हे खरे. पण आपल्या मध्य प्रांतात १८७५ च्या कायद्याने मुसलमानांच्या वारसाहक्काला मुस्लिम कायदाच लावला होता. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या रिवाजाचा. आणि सूरह अन-निसाने ठरवलेला वाटा मालमत्ता थोडी असो की जास्त, लागू असतो. तीन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे सात वाटे. भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. साडेतीन एकरात फुफीचा अर्धा एकर होतो. एक पोते तांदूळ नव्हे.

हा लेख लिहिण्याआधी मी तो जुना फेरफार अब्बांसमोर ठेवला आणि वाचून दाखवला. कुरआनातली सर्वांत मोठी आयत व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिचं नाव राहिलं. लिही."

दोन्ही काकांना विचारायचे आहे. जुन्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागेल, आणि उशिराचे कारणही द्यावे लागेल. फुफी म्हणते, "रहने दे बेटा, भाई नाराज होंगे." मी अर्जाचा मसुदा केला आहे. त्यावर पहिली सही अब्बांची झाली आहे.