जमिनीची जात

आजोबांचा जन्म कोरडवाहू रानात गेला. बाजरी, मटकी, दोन बैल. गाव नगर जिल्ह्यात, पण चर्चच्या हिशेबात नाशिकचं. १९८७ साली पुण्यापासून वेगळा झालेला नाशिक धर्मप्रांत नगरपर्यंत पसरलाय. सप्टेंबरात बाजरीची राखण शेजाऱ्यावर सोपवून ते हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जात. १९७२ साली राखायला काही नव्हतंच; दुष्काळी कामावर खडी फोडली.

जमीन मूळची महार वतनाची, गावकीच्या चाकरीबदल्यातली. १९५८च्या कायद्याने अशी वतनं गेली. पैसे भरून जमीन पुन्हा नावावर झाली, पण नव्या शर्तीवर : सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर, म्हणजे आता माझ्या मोबाइलवर, ‘भोगवटादार वर्ग २’ अजून दिसतं.

माणसाचं उलटं झालं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच. वतनाची खूण जमिनीवर राहिली, कसणाऱ्यावरून पुसली गेली.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले ओबीसीत मोडतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या अर्जात तेच भरलं. आजोबांनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, “मंग जमीन कुनाची म्हनायची?”