पानिपतचे दुसरे देणे

पानिपत म्हटले की मराठी मनास प्रथम आठवतो तो १४ जानेवारी १७६१ चा बुधवार. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी, इब्राहिमखान गारदी ही नावे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे मुलांनाही शिकविली. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार तर घरोघरचा झाला. 'विश्वास पानिपतावर गेला' हे बोलणेही उसनवारीच्या व्यवहारात आजतागायत ऐकू येते. नोकरीधंद्याच्या निमित्ताने या गावी येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मंडळींचीही गत निराळी नाही. देशाकडून पाहुणे आले की त्यांस आम्ही काला आंबच्या स्मारकावर नेतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि जड मनाने परततो. यात काही गैर नाही. परंतु मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी या गावाविषयी लिहावयास बसलो असता आम्हांस असे वाटू लागले की, पानिपतचे आणखी एक देणे आपल्याकडे राहून गेले आहे. ते रणांगणावरचे नाही, लेखणीचे आहे.

गावातील बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात अल्ताफ हुसेन 'हाली' यांची कबर आहे. उर्दू वाङ्मयात ज्यांचे नाव गालिबच्या मागोमाग आदराने घेतले जाते ते हाली याच गावचे. जन्म १८३७ चा. सतरा वर्षांच्या वयात घरच्यांनी लग्न करून दिले आणि आता हा पोटापाण्याला लागेल असे ठरविले. विद्येचा आणि काव्याचा नाद लागलेला हा तरुण कोणास न सांगता घर सोडून दिल्लीस गेला. पानिपत ते दिल्ली हे सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर आज दोन तासांत कापले जाते. त्या काळी रेल्वे नव्हती, आणि खिशात पैसाही नव्हता. दिल्लीत त्यांस गालिब भेटले. कविता न लिहिलीस तर तू स्वतःवरच अन्याय करशील, अशा अर्थाचे उत्तेजन त्या थोर कवीने या पोरसवदा मुलास दिले, असे सांगतात. सत्तावन्नच्या धामधुमीने मात्र हाली पुन्हा गावात येऊन पडले.

पुढे लाहोरच्या सरकारी बुक डेपोत त्यांस नोकरी मिळाली. काम कंटाळवाणे होते. इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे येत, त्यांची भाषा सुधारावयाची. हालींना इंग्रजी येत नव्हते. तरीही याच खर्डेघाशीतून एक परके वाङ्मय त्यांच्या दृष्टीस पडले आणि कवितेकडे पाहण्याची त्यांची नजर पालटली. १८७४ साली लाहोरात जे नव्या धर्तीचे मुशायरे भरले, त्यांत ठराविक ओळीऐवजी विषय दिला जाई. हालींनी तेथे पावसाळ्यावर आणि देशप्रेमावर कविता वाचल्या. त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये हालींनी काव्यावरील आपला विख्यात प्रबंध प्रसिद्ध केला, आणि केशवसुतांची 'तुतारी' हीदेखील त्याच वर्षाची. दोन्ही प्रांतांत एकाच वेळी एकच वारा वाहत होता. एकमेकांची खबर मात्र कोणास नव्हती.

हैदराबाद संस्थानाकडून वर्षासन मिळू लागल्यावर हाली नोकरी सोडून पानिपतास परतले व लिहीत राहिले. येथे एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. 'यादगारे-गालिब' (१८९७) हे गालिबचे चरित्र आणि 'हयाते-जावेद' (१९०१) हे सर सय्यद अहमदखानांचे चरित्र, हे दोन्ही ग्रंथ म्हणजे, ज्यांनी आपल्याला वाट दाखविली त्यांचे ऋण फेडण्याचा या गृहस्थाचा मार्ग होता. आभाराचे चार शब्द बोलून मोकळे होण्याऐवजी त्यांनी त्या माणसांसाठी उतारवयातील वर्षे खर्ची घातली.

१९१४ साली हाली वारले. त्याच वर्षी, ७ जून रोजी, त्यांच्या पणतूचा जन्म पानिपतातच झाला. हा पणतू म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास. मराठी माणसाचा संबंध येतो तो येथे.

अब्बास हालींच्याच नावाच्या शाळेत शिकले, अलीगढास पदवीधर झाले आणि १९३५ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. चांगल्या घरच्या मुलाने आता काळा कोट चढवावयाचा, एवढेच उरले होते. परंतु विद्यार्थिदशेतच वर्तमानपत्र काढण्याची हौस त्यांस जडली होती. तिच्यापायी ते मुंबईस 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले. तेथे राजकीय बातम्यांबरोबर चित्रपटांची परीक्षणे लिहिण्याचे काम वाट्यास आले. त्यातून 'बॉम्बे टॉकीज'शी संबंध जुळला, आणि १९४१ साली त्यांच्या कथेवर 'नया संसार' हा चित्रपट निघाला. बातमीदार होण्यासाठी आलेला माणूस असा कथाकार झाला. पुढे स्वतःची चित्रसंस्था काढली तेव्हा तिला त्यांनी त्या पहिल्या चित्रपटाचेच नाव दिले. ज्या दारातून आत आलो त्याची ही ओळख, असे आम्ही समजतो.

याच काळात सोलापूरच्या एका डॉक्टराची हकीगत त्यांच्या हाती आली. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ साली राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते. इतर चौघे यथाकाल परतले. कोटणीस तेथेच राहिले, एका चिनी परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. या पथकाची कथा १९४४ साली पुस्तकरूपाने इंग्रजीत सांगितली ती पानिपतच्या अब्बासांनी. पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी 'आणि एक परतला नाही' असा. त्यावरून व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणिसांची भूमिका स्वतः केली, संगीत वसंत देसाई यांचे. पटकथेत अब्बासांचे सहकारी होते व्ही. पी. साठे. ही जोडी पुढे 'आवारा' (१९५१), 'श्री ४२०' (१९५५) ते 'बॉबी' (१९७३) पर्यंत टिकली. 'आवारा'ने रशिया आणि चीन जिंकले हे सर्वश्रुत आहे; त्या यशात एक पानिपतकर आणि एक साठे भागीदार होते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

ज्या मातीत आमचे एवढे लोक पडले आणि परतले नाहीत, त्याच मातीतल्या माणसाने आमच्या एका न परतलेल्या माणसाची कथा जगापुढे ठेवावी! यास योगायोग म्हणावे की काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. असाच दुसरा एक योग गोव्याचा. १७६१ नंतर बरोबर दोनशे वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. आणि त्या लढ्यावर 'सात हिंदुस्तानी' (१९६९) हा चित्रपट काढला तोही अब्बासांनीच. त्यातून अमिताभ बच्चन या नवख्या तरुणास पहिली संधी मिळाली. स्वतःस अकल्पित संधी मिळालेल्या माणसाने ती पुढे दुसऱ्यास दिली.

१९४७ च्या फाळणीत पानिपतमधील बहुतेक मुसलमान कुटुंबे गाव सोडून गेली. त्यांच्या जागी पश्चिम पंजाबातून उखडलेली माणसे आली. गावाचा हातमागाचा धंदा पुढे त्यांच्याच कष्टांवर वाढला. अब्बास मुंबईतच राहिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी वर्तमानपत्रातील आपले सदर नेमाने चालविले आणि १ जून १९८७ रोजी मुंबईतच देह ठेवला. आम्ही मराठी माणसे पोटासाठी पानिपतास आलो, आणि पानिपतचा हा माणूस लेखणीच्या ओढीने आमच्या मुंबईस जाऊन तेथलाच झाला. दोन्हीकडचा जमाखर्च मांडू गेल्यास बाकी आमच्याच अंगावर निघते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात मंडळाने दोन छोट्या गोष्टी योजिल्या आहेत. येत्या संक्रांतीस काला आंबला जाऊन आलेल्या मंडळींनी परतताना कलंदर दर्ग्याच्या आवारात थांबून हालींच्या कबरीवर फुले वाहावयाची. आणि गणेशोत्सवात एका सायंकाळी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' दाखवावयाचा. शेजारपाजारच्या पंजाबी व हरियाणवी बंधुभगिनींना आमंत्रणे त्यांच्या भाषेत जातील. सभासदांनी मुलांना घेऊन, वेळेवर यावे.