झाकली मूठ

गेले दोन वीकान्त मी सतराव्या शतकातल्या रोममध्ये काढले. (ऑनसाइट नाही हो, पुस्तकातून!) वाचायला बसलो होतो गॅलिलिओबद्दल, आणि अडकलो एका पाद्र्यापाशी. होसे दे कालासान्झ त्याचं नाव. गेले काही दिवस हा माणूस डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज त्याच्याबद्दल.

कालासान्झ मूळचा स्पेनचा, आरागॉनमधल्या पेराल्ता दे ला साल या गावचा. १५८३ साली पाद्री झाला आणि १५९२ मध्ये रोमला आला. येण्यामागे गरिबांची सेवा वगैरे काही नव्हतं. चर्चमधली एखादी बऱ्या उत्पन्नाची जागा पदरात पाडून घ्यायची आणि मायदेशी परतायचं, इतका साधा हिशेब. कोलोन्ना नावाच्या एका कार्डिनलच्या वाड्यावर त्याची राहायची सोयही झाली. थोडक्यात, सगळं मार्गी लागत होतं.

पण रोममध्ये एका सेवाभावी मंडळाबरोबर तो गरीब वस्त्यांमध्ये फिरायला लागला आणि रस्त्यावर उंडारणारी पोरं त्याला दिसली. वस्तीतले मास्तर फी मागायचे. जेझुइटांच्या कॉलेजात शिक्षण फुकट होतं, पण तिथे शिरायला आधी लॅटिन यायला हवं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने पायाच कुठे घालायचा? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग १५९७ साली टायबर नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे भागात, सांता दोरोतेआ चर्चच्या पाद्र्याने दिलेल्या दोन खोल्यांत कालासान्झने शाळा काढली. फी नाही. वाचन, लेखन आणि हिशेब. लॅटिनसुद्धा होतं, पण मला हिशेबाचं महत्त्व जास्त वाटतं. ज्या पोराला जमाखर्च लिहिता येतो त्याला दुकानात, पेढीवर नोकरी मिळते, हे या पाद्र्याला नीट कळलं होतं. आधुनिक युरोपातली पहिली मोफत लोकशाळा म्हणून तिचं नाव बरेच जण घेतात. मुलं शेकड्यांनी वाढली. मायदेशी परतायचा बेत मागे पडला तो कायमचाच.

१६१७ मध्ये पोपने त्याच्या शिक्षकमंडळाला मान्यता दिली आणि १६२१ मध्ये त्याचा रीतसर धर्मसंघ झाला. हेच पायरिस्ट. बाकीच्या संघांसारख्या तीन शपथा होत्याच, शिवाय चौथी होती: मुलांना शिकवण्याची.

अर्थात नाकं मुरडणारेही होतेच. गरिबांची पोरं शिकली तर उद्या नोकर-मजूर कुठून आणायचे, असा सवाल तेव्हाही विचारला गेला. (ओळखीचा वाटतोय ना?) तोमासो कांपानेल्लासारख्या तत्त्वज्ञाला या शाळांच्या बाजूने लेखणी उचलावी लागली, म्हणजे बघा. आणि गॅलिलिओ! १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाल्यावर भलेभले त्याच्यापासून चार हात लांब राहू लागले. पण फ्लोरेन्समधले पायरिस्ट शिक्षक त्याच्याकडे गणित शिकायला जात होते. म्हातारा गॅलिलिओ आंधळा झाला होता. १६३९ साली कालासान्झने पत्र लिहून सांगितलं की आपल्या सेत्तिमी नावाच्या शिक्षकाला गरज पडली तर रात्रीही त्याच्याजवळ राहू द्या. किती धाडसाची गोष्ट आहे ही!

इथवर वाचून मी त्याचा पक्का पंखा झालो होतो. आणि मग नेपल्सचं प्रकरण आलं.

१६२९ च्या सुमारास नेपल्सच्या शाळेचा मुख्याध्यापक स्तेफानो केरुबिनी मुलांवर लैंगिक अत्याचार करतो, अशा तक्रारी कालासान्झपर्यंत पोचल्या. केरुबिनी काही साधा माणूस नव्हता. बाप आणि भाऊ पोपच्या दरबारातले वजनदार वकील. बोभाटा झाला तर संस्थेचीच धूळधाण होईल, हेही त्याने सुनावलं.

कालासान्झने काय केलं? त्याला बढती देऊन नेपल्सहून हलवलं. कागदोपत्री कारणं दिली ती चैनीच्या खाण्यापिण्याची आणि प्रार्थना चुकवण्याची. पत्रात मात्र त्याने स्पष्ट लिहिलं की ही लाजिरवाणी गोष्ट वरिष्ठांच्या कानावर जाऊ नये, एवढाच आपला हेतू आहे. करेन लीब्राइख या इतिहासकार बाईंनी जुनी पत्रं चाळून हे सगळं २००४ साली पुस्तकरूपाने मांडलं.

मोठ्या ऑफिसात चार वर्षं काढलेल्या कुणालाही हा फॉर्म्युला नवा नाही. माणूस काढता येत नसेल तर वर पाठवा, दुसऱ्या प्रोजेक्टवर टाका. पण आपल्याकडे फार तर एखादी टीम वैतागते. इथे समोर लहान पोरं होती. आणि केरुबिनी पुढे संघाचा निरीक्षक झाला. म्हणजे एका शाळेतून उचललेल्या माणसाला सगळ्याच शाळांची दारं उघडी!

पुढचं वेगाने घडलं. फ्लोरेन्समधला मारिओ सोत्सी नावाचा पायरिस्ट धर्मन्यायालयाला जाऊन मिळाला. गॅलिलिओच्या नादी लागलेल्या सहकाऱ्यांविरुद्ध त्याने कागाळ्या केल्या. ऑगस्ट १६४२ मध्ये पंच्याऐंशीच्या आसपासच्या कालासान्झला अटक करून रोमच्या रस्त्यांवरून नेलं. त्याच दिवशी सोडलंही, पण १६४३ मध्ये त्याचे अधिकार काढून घेतले आणि सूत्रं सोत्सीकडे गेली. सोत्सी त्याच वर्षी मेला. त्याच्या जागी कोण आलं? केरुबिनी!

आता मात्र म्हातारा बोलला. केरुबिनीचे जुने प्रताप त्याने उघड केले. पण चौदा वर्षं उशीर झाला होता. नेमणूक काही रद्द झाली नाही. संघात बंडाळी माजली आणि १६४६ मध्ये पोप दहावा इनोसंट याने संघच मोडीत काढला. २५ ऑगस्ट १६४८ ला कालासान्झ गेला तेव्हा त्याने उभं केलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत विस्कटलं होतं.

संघ नंतर पुन्हा उभा राहिला, १६५६ आणि १६६९ मध्ये दोन टप्प्यांत. १७६७ मध्ये कालासान्झ संत झाला. चित्रकार गोया आणि वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल हे दोघेही लहानपणी पायरिस्ट शाळांमध्ये शिकले. १९४८ मध्ये पोपने त्याला साऱ्या ख्रिस्ती लोकशाळांचा आश्रयदाता संत ठरवलं.

संघ बुडण्यामागे गॅलिलिओ होता, दरबारी राजकारण होतं, हे मान्य. पण ज्या माणसाला संस्था वाचवण्यासाठी पाठीशी घातलं, त्याच्याच हातात ती शेवटी गेली, हे कसं विसरायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. इथे मूठ झाकून ना संस्था वाचली, ना पोरं.

मला कालासान्झला खलनायक करता येत नाही. पैसा खाल्ला नाही, खुर्चीसाठी काही केलं नाही. शाळा बंद पडली तर शेकडो पोरं परत रस्त्यावर येतील, ही त्याची भीती अगदी खरी होती. त्याच्या जागी मी असतो तर? वकिलांशी पंगा घेतलाच असता, असं छातीठोकपणे नाही सांगू शकत.

पण एक गोष्ट सलत राहते. केरुबिनीच्या मागे अख्खं घराणं उभं होतं. त्या पोरांच्या मागे कोण होतं? ज्यांचं ऐकणारं कुणी नाही अशांसाठीच तर ती शाळा काढली होती. आणि त्यांनी तोंड उघडलं तेव्हा शाळेने आधी स्वतःचं नाव सांभाळलं.

असो. उद्या सोमवार. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी सापडलेला बग कळवायचा की गपचूप पुढे ढकलायचा, यावर दर वेळी खल होतो. तुलना हास्यास्पद आहे, कबूल. पण यापुढे त्या मीटिंगमध्ये मला हा म्हातारा आठवणार, एवढं नक्की.