तासिकेवरचा शिक्षक आणि प्रामाणिकपणाचा नियम

1857 साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे असल्यामुळे, शैक्षणिक प्रामाणिकपणा म्हणजे परीक्षेच्या दालनातील शिस्त, ही समजूत त्याच्या परिसरात दीर्घकाळ टिकली. महाराष्ट्राने 1982 मध्ये केलेला परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदाही परीक्षांपुरताच मर्यादित होता.

याच विद्यापीठाच्या परिसरात, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शिक्षणसंस्था उभारण्याची सिंधी समाजाची परंपरा येथेही रुजली आणि हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने 1965 मध्ये येथे श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय काढले. पुढे अंबरनाथ-बदलापूरकडेही महाविद्यालये झाली, विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढले, आणि त्यांबरोबर तासिका तत्त्वावरील शिक्षक, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारा अध्यापक, हा वर्ग अपरिहार्य ठरला.

1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठांत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, परंतु त्यांतील उद्बोधन आणि उजळणी वर्गांची सांगड पदोन्नतीशी घातलेली असल्याने ती वाट मुळात कायम शिक्षकाची होती. कर्तव्यरजा आणि बढती या दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊकच नाहीत, त्या तासिकेवरच्या शिक्षकाला प्रवेशाची मुभा असूनही तिचा फारसा उपयोग नव्हता.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचे लेखन वा कल्पना स्वतःच्या म्हणून मांडणे, यावर साम्याच्या प्रमाणानुसार दंड ठरवले: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द. त्याच विनियमांनी शिक्षकाच्या व्याख्येत नियमित शिक्षकाबरोबर तदर्थ, अतिथी, हंगामी आणि अभ्यागत अशा सर्वांना सामावून घेतले आणि प्रत्येक सत्रात जागृतीचे कार्यक्रम घेण्याचे बंधन संस्थांवर घातले. म्हणजे तासिकेवरचा शिक्षक प्रथमच, निदान कागदावर, या प्रशिक्षणाचा हक्कदार झाला. (मात्र त्या कार्यक्रमाचा तास मानधनात धरावयाचा की नाही, याविषयी विनियम मौन पाळतात, आणि हे मौन स्वस्तात पडणारे आहे.)

याहून मोठी विसंगती तपासावयाच्या लेखनाच्या व्याख्येत आहे. पदव्युत्तर व संशोधन पदव्यांसाठी सादर होणारे प्रबंध, तसेच प्रकाशनार्थ लिहिलेले लेख आणि ग्रंथ विनियमांच्या कक्षेत येतात, पण स्वाध्याय, प्रकल्प-अहवाल आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. व्यवस्थापन अथवा वाणिज्य शाखेच्या पदवीवर्गाला शिकवणाऱ्या तासिकेवरच्या शिक्षकापुढे येणारे लेखन बहुतांशी नेमके हेच असते. 2019 मध्ये आलेला संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही पीएच.डी.साठी नोंदणी करू इच्छिणाऱ्यांनाच सक्तीचा झाला. विनियमांनी या शिक्षकाला व्याख्येत घेतले आणि त्याच्या टेबलावरचे काम व्याख्येबाहेर ठेवले. त्या कामाचे निकष ठरवणे आणि प्रशिक्षणाच्या तासाचे मानधन देणे ही जबाबदारी महाविद्यालयांवरच येते.