न दिसणं आणि नसणं

आजचा विषय खगोलशास्त्राचा असला, तरी त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण अट अशी, की घट असता तर तो दिसायलाच हवा होता. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर तो नाही असं म्हणता येत नाही.

आता १९६२ सालाकडे येऊ. जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतून एका रॉकेटवर क्ष-किरण मोजणारी उपकरणं पाठवली. वृश्चिक राशीत एक प्रखर स्रोत सापडला. शिवाय सगळ्या दिशांकडून क्ष-किरणांची मंद प्रभाही येत होती. ती कुठून येते, हे कोडंच होतं.

दुसरा धागा दीर्घिकांचा. काही दीर्घिकांच्या केंद्रातलं प्रचंड कृष्णविवर वायू गिळत असतं आणि तो वायू तापून झळाळतो. अशा केंद्रांचा अभ्यास कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये केला होता. पुढे त्यांचे दोन प्रकार मानले गेले : एकात रुंद वर्णरेषा दिसतात, दुसऱ्यात नाही. मग दुसऱ्या प्रकारात त्या नाहीतच का? १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा ध्रुवित प्रकाश तपासला आणि त्यात रुंद रेषा सापडल्या! पडद्याआडचा दिवा दिसत नाही, पण छतावरचा त्याचा उजेड दिसतो ना, तसंच हे. मधे धूळ आणि वायू होते, एवढंच.

१९८९ मध्ये सेट्टी आणि वोल्ट्येर यांनी हे दोन धागे जोडले. पार्श्वप्रभेची ऊर्जा सर्वाधिक असते ती साधारण ३० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. उघड्या केंद्रांची नुसती बेरीज केली, तर तो आकार जुळत नाही. पण वायूचा पडदा कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडवतो, जास्त ऊर्जेचे बरेचसे सोडतो. तेव्हा झाकलेली केंद्रं मोठ्या संख्येनं धरली, की हिशेब बसतो. म्हणजे बघा, बेरीज आधी हाती आली, त्यातल्या संख्या मागाहून शोधायच्या होत्या!

१९९९ मध्ये गेलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीनं कमी ऊर्जेच्या प्रभेचा बहुतेक भाग सुट्या बिंदूंत वेगळा करून दाखवला. पण पडदा फारच दाट असेल, तर १० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे थेट किरणही जवळपास अडतात. तिथे ६.४ वर लोखंडाची ठळक रेषा तेवढी खूण देते. त्याहून जास्त ऊर्जेसाठी २०१२ मध्ये ‘न्यूस्टार’ गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? कृष्णविवरं मुख्यतः गिळूनच मोठी होतात. झाकलेली केंद्रं मोजली नाहीत, तर त्यांच्या वाढीचा इतिहासच अपुरा राहतो. म्हणून ‘नाही’ म्हणण्याआधी विचारायचं : असतं, तर या साधनानं ते दिसलं असतं का?