वेदर रेडिओ

धोकादायक हवामानाचा इशारा निघताच आपोआप वाजू लागणारा घरगुती रेडिओसंच. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ‘नोआ वेदर रेडिओ’ हे प्रक्षेपण १,००० हून अधिक केंद्रांवरून चोवीस तास करते. त्याच्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झ या सात वारंवारता साध्या एएम-एफएम रेडिओवर लागत नाहीत, म्हणून संच वेगळा घ्यावा लागतो. एका केंद्राचा पल्ला साधारण ६५ किमी असतो. डोंगराळ भागात तो कमी भरतो. पूर, वणवा, रासायनिक गळती यांचे इशारेही याच वाटेने येतात.

३ व ४ एप्रिल १९७४ रोजी १३ राज्यांत १४८ टोर्नेडो झाले आणि त्यानंतर या सेवेचा झपाट्याने विस्तार झाला. मात्र या संचाची खरी गरज कळते ती ६ नोव्हेंबर २००५ च्या रात्रीवरून. इंडियाना राज्यातील एव्हन्सव्हिल परिसरात रात्री दोनच्या सुमारास टोर्नेडो आला आणि २५ माणसे गेली; त्यांतली बहुतेक ‘मोबाइल होम’च्या, म्हणजे पक्का पाया नसलेल्या हलक्या घरांच्या, एका वस्तीतली. इशारा आधीच निघाला होता, पण लोक झोपेत होते. पुढे अशा नव्या घरांत वेदर रेडिओ बसवणे इंडियानाने कायद्याने बंधनकारक केले. झोपलेल्या माणसाला जागे करणे हेच या यंत्राचे मुख्य काम आहे, आणि संच निवडताना तीच कसोटी लावावी.

इशाऱ्याआधी केंद्रावरून खरखरीत आवाजाचे तीन सांकेतिक ठोके येतात. कोणत्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागासाठी, कोणता इशारा आहे, हे त्यांत असते. मग १०५० हर्ट्‌झचा सलग सूर आणि त्यानंतर बोललेला मजकूर. हा संकेत वाचण्याच्या पद्धतीला ‘सेम’ म्हणतात. ती नसलेला संच स्वस्त मिळतो, पण घेऊ नये. एका केंद्राच्या टापूत अनेक काउंट्या येतात. दूरच्या काउंटीतल्या गारपिटीसाठी दोन-चार रात्री झोपमोड झाली की माणूस रेडिओची वायर काढून ठेवतो, आणि नेमक्या गरजेच्या रात्री तो मुका राहतो. म्हणून आपल्या काउंटीचा सहा आकडी संकेत संचात भरावा. बऱ्याच मराठी कुटुंबांचे घर असलेल्या डॅलस काउंटीचा संकेत ०४८११३ आहे. पहिला ० म्हणजे संपूर्ण काउंटी, ४८ म्हणजे टेक्सस, ११३ म्हणजे डॅलस. घर बदलले की संकेतही बदलायचा, हे हमखास विसरले जाते.

वीज गेल्यावर चालण्यासाठी संचात सेल हवेतच. हाताने फिरवून चार्ज होणारा संच प्रवासाला सोयीचा. रोजच्यासाठी मात्र भिंतीच्या प्लगवर चालणारा आणि आत सेल असलेला बरा. तो झोपायच्या खोलीत, खिडकीजवळ, अँटेना उभी करून ठेवावा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी लखलखणारा दिवा किंवा गादीखाली थरथरणारी चकती जोडता येते. वृद्ध आईवडील घरात असतील तर अशी जोडणी असलेलाच संच पाहावा. बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या सुमारास चाचणी होते. ती ऐकू आली नाही तर सेल, अँटेना आणि वारंवारता तपासाव्यात.

इशाऱ्यांतला ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक स्थिती आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसले आहे किंवा रडारवर टिपले गेले आहे. टोर्नेडोची वॉर्निंग आली की खिडकीतून पाहत न बसता तळघरात, ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जावे. मोबाइलवरही इशारे येतात. पण फोन मुका केलेला असतो, टॉवर पडू शकतो, म्हणून दोन्ही असावेत.

भारतात असे प्रक्षेपण नसल्याने अमेरिकेहून भेट आलेला संच इथे इशारा देऊ शकत नाही. येथे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेचे इशारे मोबाइलवर मिळतात.