पुळणीवरचे पाहुणे

समुद्रकिनारा म्हणजे मुलाबाळांसह चार घटका विसावण्याची जागा, ही कल्पना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती किनाऱ्याइतकीच जुनी असावी असे वाटते. मालवणचा इतिहास मात्र निराळे सांगतो. येथील पुळणीवर शतकानुशतके माणसे आली ती कामासाठी. विसाव्यासाठी येणारा पाहुणा हा या किनाऱ्यावर सर्वांत उशिरा पोहोचलेला माणूस आहे. त्याच्यासाठी कोणत्या सोयी असाव्यात, हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. त्याचे उत्तर शोधताना आधीच्या पाहुण्यांची आठवण ठेवणे उपयोगाचे ठरेल.

१५३८-३९ साली दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवपर्यंत गेला आणि वाटेतील बंदरांची, खाड्यांची व खडकांची तपशीलवार नोंद त्याने करून ठेवली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांना पोर्तुगीज 'जळकी बेटे' म्हणत. पुढे हाच कास्त्रो पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १५४८ साली गोव्यात त्याचा अंत झाला, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर त्याच्या उशाशी होते. त्याच्या दृष्टीने किनारा म्हणजे सौंदर्य नव्हते. खडक कोठे आहे, पाणी किती खोल आहे, गलबत सुखरूप कोठे लागेल, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. धोक्याची आगाऊ माहिती ही किनाऱ्यावरची पहिली सोय होय.

दुसरी सोय गोड्या पाण्याची. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन करून छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ केला. १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांच्या त्या बेटावर, चहूबाजूंनी खारे पाणी असताना, दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. तटाच्या भव्यतेने प्रवासी थक्क होतो. परंतु पिण्याचे पाणी नसते तर त्या तटाच्या आत कोणी राहिले नसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. त्या मानाचा काही वाटा या विहिरींचाही आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले व लौकरच तो परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्या हाती गेले. नंतर आगबोटींचे युग आले. मुंबईहून निघालेली बोट मालवणला धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर आणले जाई. ट्रंका, पोरे, म्हातारी माणसे यांना हात देऊन उतरवणारा खलाशी ही त्या काळची तिसरी सोय. गिरणीतून, गोदीतून वा बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर घरी परतणाऱ्या आमच्या कित्येक पूर्वजांचे गावी आगमन असे झाले.

मग नुसत्या विसाव्यासाठी लोक किनाऱ्यावर केव्हा येऊ लागले? युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाचा औषधी उपयोग सांगितला आणि ब्रायटनसारखी गावे नावारूपास आली. आपल्याकडे ही कल्पना पुस्तकातून यावी लागली नाही. गोव्यात मे महिन्यात आतल्या गावांतील कुटुंबे खाऱ्या पाण्याच्या स्नानासाठी समुद्राकाठी येत. सांधेदुखीवर तो उतारा मानला जाई. कॅथलिक घराण्यांत या मुक्कामाला 'मुदांस' म्हणत. पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थच पालट असा आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागांतील अनेक ख्रिस्ती घराण्यांची मुळे गोमंतकात असल्याने हा विचार आपल्याला परका नव्हता. मालवणात तर नारळी पौर्णिमेला सारे गाव बंदरावर लोटते. समुद्राला नारळ अर्पण होतो आणि जत्रेत मुले हरखून जातात. सहकुटुंब समुद्रभेटीचा मालवणातील खरा वारसा हाच.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, चिवला या पुळणी घराघरांत ठाऊक झाल्या. राहण्याच्या खोल्या, हाउसबोटी, पाण्याखालचे प्रवाळ दाखविणारे पाणबुडे अशा सोयी उभ्या राहिल्या. पण याच पुळणीवर रापण ओढली जाते, याचा पाहुण्याला विसर पडतो. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन जाळे टाकते आणि दोन्ही टोकांना दोर धरून माणसांच्या रांगा ते किनाऱ्यावर ओढतात. त्यासाठी मोकळी पुळण लागते. छत्र्या व खुर्च्यांनी ती भरून गेली, तर पाहुण्याची सोय यजमानाच्या पोटावर येते.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या एका महाविद्यालयीन गटातील आठ जण बुडाले. तो पवित्र शनिवार होता. त्या रात्री आपण चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या मेणबत्त्या पेटवल्या. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा अंत झाला. समुद्र वरून शांत दिसतो. परतणाऱ्या पाण्याची ओढ मात्र पायाखालची वाळू काढून नेते. कास्त्रोला जी माहिती सुमारे पाच शतकांपूर्वी अत्यावश्यक वाटली, ती आज पाण्यात उतरणाऱ्या मुलाला कोण देतो?

किनाऱ्याच्या सोयींना आज जगन्मान्य मोजमाप आहे. 'ब्लू फ्लॅग' हे मानांकन ३३ निकषांवर दिले जाते: पाण्याची शुद्धता, पर्यावरणाची निगा, लोकशिक्षण, सुरक्षितता व सेवा. कर्ली नदीच्या मुखापलीकडचा भोगवे किनारा त्यासाठी सुरुवातीलाच निवडला गेला होता. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील पाच किनाऱ्यांना हे मानांकन मिळाले. त्यांत सिंधुदुर्गातील एकही नव्हता. ध्वज मिळणे न मिणे ही दुय्यम बाब आहे. आईला तान्ह्या मुलाचे कपडे बदलण्यास आडोसा, स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, कचऱ्याची व्यवस्था आणि नजर ठेवणारा जीवरक्षक, एवढे झाले तरी पुळण खऱ्या अर्थाने कुटुंबाची होईल.

प्रेषितांच्या कृत्यांत माल्टा बेटाची कथा आहे. संत पौलाचे गलबत फुटले आणि २७६ माणसे भिजून, कुडकुडत किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता. बेटवासीयांनी शेकोटी पेटवून सर्वांचे स्वागत केले. यजमानाचे कर्तव्य तेथे दिसते. पण त्या कथेतील एक तपशील आपण बहुधा नजरेआड करतो: शेकोटीसाठी काटक्या गोळा करण्यास स्वतः पौलही वाकला होता. मालवणच्या किनाऱ्यावर शेकोटी पेटवण्याचे काम शासनाचे, ग्रामपंचायतीचे आणि गावकऱ्यांचे आहे. आपला कचरा परत नेणे, कोळ्याने दिलेला इशारा ऐकणे, रापण येताना बाजूला होणे, जमल्यास दोराला हात लावणे, या पाहुण्याच्या काटक्या होत.